किल्ली फिरवल्यानंतर: जुनी मोटार सुरू का होत नाही

मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 1964 पासून तयार होऊ लागलेल्या फियाट 1100 डिलाइट या मोटारीला 1974 पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि नवे शतक उजाडेपर्यंत तिची मूळ यंत्ररचना फारशी न बदलता ती बनत राहिली. 1089 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, इंजिनाच्याच जोरावर चालणारा पेट्रोलचा पंप आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असा तिचा सरळ संसार होता. मुंबईच्या टॅक्सींपैकी शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती आणि टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती काळ्या-पिवळ्या ताफ्यातून बाद झाली. तथापि खासगी मालकांकडे आणि हौशी संग्राहकांकडे तिच्या पिढीच्या गाड्या आजही चालत्या स्थितीत आहेत. डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या तीन सिलिंडरांच्या, 796 सीसीच्या मारुती 800 च्या पहिल्या दीड दशकातील गाड्यांची रचनाही मूलतः याच जातीची आहे. या प्रकरणात पद्मिनी नमुना म्हणून समोर ठेवली आहे ती केवळ जिव्हाळ्यापोटी नव्हे, तर बॉनेट उघडताच तिचा प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो, त्यामुळे निदानाची पद्धत शिकण्यासाठी तिच्याइतकी प्रामाणिक गाडी दुसरी सापडणे कठीण, म्हणून.

जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही की बहुतेक मालक प्रथम बॅटरीला दोष देतात, ती बदलूनही भागले नाही तर प्लग, मग कॉइल, मग सेल्फ असा क्रम सुरू होतो, आणि चार भागांची किंमत मोजून झाल्यावर कधीतरी मूळ दोष एखाद्या ढिल्या टर्मिनलात सापडतो. ही पद्धत केवळ खर्चिक नाही, ती चुकीचीही आहे. कारण एकामागून एक भाग बदलत गेल्याने जो दोष आपोआप नाहीसा झाला त्याचे कारण कळत नाही आणि बाजारात मिळणारा नवा भाग सदोष निघाला तर एका दोषाचे दोन होतात. तपासल्याशिवाय भाग बदलू नये, हा एक नियम जरी पाळला तरी सुरू न होण्याच्या बहुतेक तक्रारी एक मल्टिमीटर, एक पान्यांचा संच आणि अर्धा तास एवढ्यातच उलगडतात.

पेट्रोल इंजिन सुरू व्हायचे तर त्याला बाहेरच्या शक्तीने पुरेशा वेगाने फिरवावे लागते, सिलिंडरात पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण पोहोचावे लागते, ते मिश्रण दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, घट्ट दाबले जावे लागते आणि नेमक्या क्षणी तेथे ठिणगी पडावी लागते. फिरणे, मिश्रण, दाब आणि ठिणगी या चारांपैकी एकही कमी पडले तर इंजिन सुरू होत नाही. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते का?’ हा असतो. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल आणि प्लग यांच्याकडे पाहण्याचे कारण नाही, आणि ते जोमाने फिरत असेल तर बॅटरी बदलून काहीही साधणार नाही. या एका प्रश्नाने निम्मी गाडी संशयातून मुक्त होते.

इंजिन फिरवणाऱ्या विजेच्या मोटारीला मराठी गॅरेजात ‘सेल्फ’ म्हणतात, कारण ती येण्यापूर्वी गाडीच्या पुढच्या तोंडाला लोखंडी हँडल लावून इंजिन हाताने फिरवावे लागे आणि ठिणगी अवेळी पडली तर ते हँडल उलटे फिरून माणसाचे मनगट मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसला, आणि त्याच्या थोडे आधी, 1910 च्या कॅडिलॅकमध्ये, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची त्याचीच पद्धत आली होती. पद्मिनीच्या बॉनेटखाली हे दोन्ही शोध शेजारी शेजारी नांदतात, आणि सुरू न होण्याच्या बहुतेक तक्रारी या दोन मंडलांतच जन्म घेतात.

सेल्फ इंजिन फिरवू लागतो तेव्हा तो बॅटरीकडून साधारण 150 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. घरातील पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे मोठेपण कळेल. एवढ्या प्रवाहाच्या वाटेवर क्षुल्लक अडथळाही फार महाग पडतो. विजेच्या वाटेतील अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. प्रवाहाला रोधाने गुणले की त्या ठिकाणी किती व्होल्ट खर्च होतात ते मिळते. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या खारामुळे केवळ 0.02 ओहम रोध निर्माण झाला, तरी 150 अँपिअर प्रवाहाला तेथे 3 व्होल्ट गमवावे लागतात आणि 12 व्होल्टांपैकी सेल्फपर्यंत 9 च पोहोचतात. गाडीचा दिवा मात्र चार-पाच अँपिअरवर पेटतो, म्हणून त्याच खुंटावरून त्याला मिळणाऱ्या विजेत फार तर दहावा भाग व्होल्ट कमी होतो. ‘दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरीकडून सर्व ठीक आहे’ हा सर्वत्र ऐकू येणारा युक्तिवाद येथेच फसतो.

म्हणून दिवे लावून ठेवावेत आणि मग सेल्फ मारावा. किल्ली फिरवताच ‘टक्’ असा एकच आवाज येऊन दिवे पूर्ण विझले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या खुंटावरचा सांधा सुटला आहे. ‘कट् कट् कट्’ असा भरभर आवाज आला तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा जाड प्रवाह जोडणारे विद्युत्चुंबकी बटण, ओढले जाते, प्रवाह वाहू लागताच व्होल्ट कोसळतात, चुंबकाची पकड सुटते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. हे अशक्त बॅटरीचे किंवा खराब सांध्याचे लक्षण आहे. दिवे जराही मंद न होता पूर्ण शांतता असेल तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही, आणि दोष किल्लीच्या स्विचमध्ये, सोलेनॉइडच्या बारीक वायरीत किंवा सोलेनॉइडमध्ये शोधावा. आणि दिवे पार मंदावून इंजिन कण्हत कण्हत फिरत असेल तर एक तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फच्या आतील बुश झिजून त्याचा फिरता गाभा बाहेरच्या कवचाला घासतो आहे.

सांधे तपासण्याची खात्रीची रीत मल्टिमीटरची आहे. कॉइलची मधली वायर काढून ठेवावी, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्रत्यक्ष खुंटावर आणि दुसरे त्यावर बसवलेल्या पट्टीवर टेकवावे आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. सांधा निरोगी असेल तर काटा शून्याजवळ राहतो. तेथे अर्धा व्होल्ट दिसला तरी दोष सापडला असे समजावे. हीच तपासणी बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलवर आणि, विशेष आग्रहाने, इंजिनापासून बॅटरीच्या ऋण खुंटापर्यंतच्या परतीच्या वाटेवर करावी. सेल्फ मात्र एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा, कारण त्याचे गुंडाळे काही क्षणांच्या श्रमासाठीच बांधलेले असतात.

परतीच्या वाटेचा उल्लेख आग्रहाने करण्याचे कारण असे की ती सर्वांत दुर्लक्षित असते. गाडीत विजेची एक वाट तांब्याच्या वायरीची आणि दुसरी गाडीच्या लोखंडी सांगाड्याची असते, जिला ‘अर्थिंग’ म्हणतात. इंजिन मात्र कंप सांगाड्याला लागू नये म्हणून रबराच्या पायांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी बसवतात. ही पट्टी गंजून तुटली की सेल्फचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट धुंडाळतो आणि इंजिनाला जोडलेल्या चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक पोलादी तारेतून घुसतो. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली किंवा तिच्यातून धूर निघाला तर त्याचा अर्थ हाच असतो, आणि उपाय चोक बदलण्याचा नसून ती पट्टी बदलण्याचा असतो.

बॅटरीची स्वतःची परीक्षा रात्रभर विश्रांती दिल्यानंतर करावी. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 ला ती निम्मी रिकामी झालेली असते आणि 12 च्या खाली गेली तर तिच्यात सेल्फ फिरवण्याइतके बळ उरलेले नसते. त्याहून महत्त्वाचा आकडा श्रमाच्या वेळचा आहे: सेल्फ फिरत असताना व्होल्ट साडेनऊच्या खाली उतरले तर बॅटरी भरलेली असूनही आतून झिजली आहे असे मानावे. येथे हवामानाबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. बॅटरी पहाटेच्या थंडीत दगा देते म्हणून थंडी तिचा शत्रू मानली जाते, पण तिची झीज होते ती उन्हाळ्यात. तापमान वाढले की तिच्यातील पट्ट्या खाणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि पाणीही उडते. नागपूर किंवा जळगावच्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी तेव्हाच अर्धमेली झालेली असते, पण इंजिनातील तेल घट्ट होऊन सेल्फला अधिक जोर लावावा लागतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि तोवर झाकून राहिलेले दुखणे तेव्हा उघड होते.

नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरत असेल तर ती भरणारे यंत्र तपासावे. इंजिन जरा वेगात चालू असताना बॅटरीच्या खुंटांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. जुन्या फियाटमध्ये यासाठी डायनामो असे आणि तो इंजिनाच्या मंद गतीला जवळजवळ काहीच वीज देत नाही. गर्दीच्या रस्त्यावर दिवे लावून तासभर रखडलेली अशी गाडी बॅटरी भरण्याऐवजी रिकामी करूनच घरी येते. नंतरच्या गाड्यांतील अल्टरनेटरमध्ये ही उणीव बरीच कमी झाली. दोन्हींना फिरवणारा फॅनबेल्ट सैल असेल तर तो घसरतो आणि वीज कमी तयार होते, म्हणून अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटरच खाली जाईल इतका ताण ठेवावा.

सेल्फ मोठ्याने ‘खर्रर्र’ फिरतो पण इंजिन जागचे हलत नाही, हा वेगळा प्रकार आहे. सेल्फच्या टोकाचे लहान दातेरी चाक, ज्याला मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात, पुढे सरकून फ्लायव्हील या जड चाकाच्या परिघावरील दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. ते अडकले नाही तर सेल्फ नुसताच फिरतो. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दाबाच्या विरोधामुळे बहुधा दोनच ठिकाणी येऊन थांबते, त्यामुळे सेल्फचा पहिला आघात वर्षानुवर्षे रिंगच्या समोरासमोरच्या त्याच दोन भागांवर बसतो आणि दाते तेथेच झिजतात. अशा गाडीला चौथ्या गिअरमध्ये टाकून वीतभर पुढे ढकलले आणि न्यूट्रलमध्ये आणून सेल्फ मारला तर ती चटकन सुरू होते. हे निदानही आहे आणि तात्पुरता उपायही. कायमचा उपाय रिंग बदलण्याचाच आहे.

आता दुसऱ्या शक्यतेकडे वळायचे: इंजिन जोमाने फिरते, पण धरत नाही. येथे प्रथम ठिणगी पाहावी, कारण ती पाहायला पाच मिनिटे पुरतात. केटरिंगच्या पद्धतीचे कार्य मोठे देखणे आहे. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या: एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, आणि दुसरी केसासारख्या तारेची, हजारो वेढ्यांची. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील दोन धातूच्या टिकल्यांचे बटण, मिटलेले असते तोवर बॅटरीचा प्रवाह पहिल्या गुंडाळीतून वाहून चुंबकीय क्षेत्र तयार करतो. फिरत्या कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यातून दुसऱ्या गुंडाळीत 15 ते 20 हजार व्होल्ट उत्पन्न होतात. फिरता रोटर ते ज्या सिलिंडराची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पाठवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी हे सारे सेकंदाला 100 वेळा घडते, आणि ते पेलणाऱ्या टिकल्यांमधील फट जेमतेम अर्धा मिलिमीटर असते.

तपासणीसाठी एक प्लग काढून तो त्याच्या वायरीला जोडावा, प्लगचे लोखंडी अंग इंजिनाला घट्ट टेकेल असे ठेवावे आणि सेल्फ मारावा. जवळपास सांडलेले पेट्रोल किंवा त्याची वाफ नाही याची खात्री आधी करावी आणि प्लग हातात धरू नये. निळसर, चट्कन आवाज करणारी ठिणगी दिसली तर हे मंडल निर्दोष मानून पेट्रोलकडे वळावे. ठिणगी पिवळट आणि केविलवाणी असेल तर पॉइंटकडे पाहावे. ते काळे पडून खड्डे पडलेले असतील तर दोष बहुधा पॉइंटांचा नसून कंडेन्सरचा असतो. पॉइंट उघडताना प्रवाह फट ओलांडून उडी घेऊ पाहतो, त्याला त्या क्षणी सामावून घेण्याचे काम कंडेन्सर हा लहानसा डबा करतो. तो निकामी झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटांवरच पडू लागते. पॉलिश पेपरने पॉइंट घासून गाडी चार दिवस चालवता येते, पण कंडेन्सर तोच ठेवला तर पाचव्या दिवशी ती पुन्हा उभी राहते.

ठिणगी मुळीच नसेल तर कॉइलपर्यंत वीज येते का हे साध्या टेस्ट लॅम्पने पाहावे. सेल्फ फिरताना ठिणगी नाही, पण धक्का मारून गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू होते असे असेल, तर ठिणगीचे मंडल ठीक आहे आणि सेल्फ सारी वीज खाऊन कॉइलसाठी काहीच उरवत नाही, म्हणजे दोष पुन्हा बॅटरीकडेच आहे. धक्का देऊन सुरू करण्याचा हा निदानासाठीचा उपयोग फारसा ओळखला जात नाही. मात्र धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना, चार महानगरांत एप्रिल 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांसाठी तो सक्तीचा झाला, धक्का वारंवार देऊ नये, कारण न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात उद्भवणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा ओलाव्यात असते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत साचलेल्या दमटपणातून हजारो व्होल्ट भलतीकडेच पळतात. टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली की गाडी सुरू होते. परंतु टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेष दिसत असेल तर तेथे कार्बनची कायमची वाट तयार झाली आहे आणि टोपी बदलण्याला पर्याय नाही. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहिले तर जुन्या वायरींमधून गळणारी वीज निळ्या लकाकीने स्वतःच आपली जागा दाखवते.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी वाचावा. त्याचे टोक फिकट तपकिरी, भाजलेल्या रव्याच्या रंगाचे असेल तर इंजिनाची प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. तेलकट काळे असेल तर पिस्टनच्या रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या वाटेने तेल वर येते आहे. पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन तापते आहे. आणि पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. पीयूसीच्या चिठ्ठीचाही असाच उपयोग करता येतो: कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढले असेल तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतो आहे आणि हायड्रोकार्बनचे वाढले असेल तर एखाद्या सिलिंडरात ते न पेटताच बाहेर पडते आहे. दर खेपेला ती चिठ्ठी काचेमागे न टाकता आकडे मागच्या चिठ्ठीशी ताडून पाहावेत.

पेट्रोल पोहोचते की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत अशी की एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकावावे आणि इंजिन बंद असतानाच हाताने थ्रॉटल उघडावा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्ब्युरेटरच्या टाकीत पेट्रोल आहे. पिचकारी उडाली नाही तर कार्ब्युरेटरपासून मागे तपासत जावे: गाळणीत गाळ अडकला आहे, मिस्त्री ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात त्याचा लवचिक पडदा फाटला आहे, किंवा एखाद्या रबरी नळीला भेग पडून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आहे. दोन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून गेलेले असते आणि पंप इंजिन फिरल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे सुरुवातीला सेल्फ जरा जास्त मारावा लागणे स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे.

थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा रोखावी आणि मिश्रण घट्ट करावे लागते. गरम इंजिनाला तोच चोक घातक ठरतो. वारंवार अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने किंवा फ्लोटची सुई अडकल्याने पेट्रोल जास्त झाले की प्लग भिजतात, उग्र वास येतो आणि इंजिन ‘ओव्हरफ्लो’ होते. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन सिलिंडर कोरडे होतात. पाय वरखाली करणे म्हणजे दर खेपेला पेट्रोलची आणखी एक पिचकारी मारणे होय. उन्हाळ्यात घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, त्याचे कारण याच्या उलट असते. पेट्रोलमधील हलके घटक 35 ते 40 अंशांनाच उकळू लागतात, तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपात त्यांची वाफ कोंडते आणि द्रव ओढण्यासाठी बनलेला पंप वाफ ढकलू शकत नाही. घाटमाथ्यावर पंपावर ओले फडके गुंडाळणारे चालक शास्त्राला धरूनच वागत होते.

पेट्रोलही आता बदलले आहे. 2023 पासून टप्प्याटप्प्याने देशभर आलेल्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते, टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सोडवून गाळणीत आणते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून पद्मिनीसारख्या गाडीच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणे ही आता हौस राहिलेली नाही. गळकी नळी गरम इंजिनावर ठिबकली तर गाडी सुरू न होणे ही त्यातली सर्वांत किरकोळ आपत्ती ठरेल.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असून इंजिन धरत नसेल तर दाब पाहावा. कान तयार असेल तर त्याला गेज लागत नाही: निरोगी इंजिन सेल्फवर एकसारख्या ठेक्यात फिरते आणि एखाद्या सिलिंडराचा दाब गेला असेल तर त्या पाळीला ठेका लंगडतो. गेज लावून दाब कमी भरला तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तेथील फट तात्पुरती भरली, आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वी पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. ज्या जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठका नाहीत त्यांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो, टॅपेटची फट बुजते आणि गरम झालेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. ज्या टॅपेटचा आवाज येत नाही तो चांगला, ही समजूत म्हणून टाकून द्यावी. किंचित टिकटिकणारा टॅपेट घट्ट टॅपेटपेक्षा सुरक्षित असतो.

2000 च्या सुमारास मारुती 800 मध्येही कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. तेथे किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवताच मागच्या टाकीतील विजेच्या पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज आणि रिले आधी पाहावेत. बाकी क्रम तोच राहतो.

देखभालीपैकी जे प्रत्यक्ष सुरू होण्याशी निगडित आहे ते फार थोडे, पण नियमित करण्याचे आहे. बॅटरीत पट्ट्या बुडून वर साधारण एक सेंटिमीटर राहील इतके डिस्टिल्ड वॉटरच घालावे; नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खराब करतात आणि आम्ल तर घालूच नये, कारण बॅटरीतून उडते ते पाणी, आम्ल नव्हे. खुंटांवरचा खार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सांधे घासून, घट्ट केल्यावर वर व्हॅसलीन लावावे. टर्मिनल काढताना ऋण आधी आणि बसवताना ऋण शेवटी हा क्रम कधीही चुकवू नये. धन टर्मिनल सोडवणारा पाना सांगाड्याला लागला तर ऋण जोडलेले असताना शेकडो अँपिअरची ठिणगी उडते, आणि भरणाऱ्या बॅटरीतून निघालेला हायड्रोजन तेथेच असतो. दर 5000 किलोमीटरला पॉइंटांची फट फिलर गेजने मोजावी आणि कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ते जास्त झाले तर उडून पॉइंटांवरच बसते. प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलल्यावर जुने पण चालते भाग फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावेत, कारण पद्मिनीचे सुटे भाग आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत आणि रात्री महामार्गावर जुना चालता कंडेन्सर नव्या न मिळणाऱ्या कंडेन्सरपेक्षा मोलाचा असतो. एक वहीही ठेवावी. तिच्यात बॅटरी घेतल्याची तारीख, विश्रांतीतील व्होल्ट आणि प्रत्येक सिलिंडराचा दाब वर्षातून एकदा लिहिला तर गाडी बंद पडण्याच्या कितीतरी महिने आधी आकडे उतरू लागलेले दिसतात.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर दर आठवड्याला दोन मिनिटे इंजिन चालू करून ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. तेवढ्या वेळात सेल्फने घेतलेली वीज भरून निघत नाही आणि तेल गरम न झाल्यामुळे जळणातून निर्माण झालेले पाणी इंजिनातच राहते. एक तर पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर न्यावी, किंवा बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे आणि ते काढल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी.